रिकामी बॅग

प्रल्हादने पुस्तकांची पिशवी रवींद्रच्या पायरीवर ठेवली आणि बेल न वाजवताच तो मागे फिरला. पुस्तकं परत केली की या माणसाशी संबंध संपला, असं तो घरूनच ठरवून आला होता. अमेरिकेतल्या या अख्ख्या श्रूजबरी गावात मराठी कादंबऱ्या वाचणारं दुसरं कोणी त्याला ठाऊक नव्हतं. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही!

दार उघडलं.

"पळतोस कुठे? चहा टाकलाय," रवींद्र म्हणाला.

चहाला नाही म्हणणं प्रल्हादला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तो आत गेला, पण जॅकेट काढलं नाही.

नोव्हेंबरपासून तो इकडे फिरकला नव्हता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून दोघांची खडाजंगी झाली होती. "मी त्यालाच मत दिलं, काय करशील?" असं रवींद्र तोंडावर म्हणाला आणि प्रल्हाद अर्धा कप चहा तसाच टाकून उठला. मग हिवाळा लागला. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतंच. मुलगा, कबीर, रविवारी फोन करायचा. "डॅड, नो पॉलिटिक्स, प्लीज," म्हणायचा आणि बर्फ किती पडलं ते विचारायचा.

हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या होत्या. एक भरलेली, एक रिकामी.

"पुण्याला चाललोय. काय आणू?"

भारतात जाणाऱ्याने दुसऱ्याची पुस्तकं आणायची, हा दोघांचा रिवाज होता.

"मला काही नको."

"धरणावरची एक नवी कादंबरी आलीय. तुला आवडेल. भयंकर रडकी आहे म्हणे."

प्रल्हाद हसला नाही. त्याची नजर कपड्यांवरच्या पासपोर्टवर होती. त्यावर अशोकस्तंभाचे सिंह होते.

"हा जुना ना?"

"चालू आहे. मी सिटिझनशिप घेतलीच नाही, ग्रीन कार्डच रिन्यू करत राहिलो. हिला नको होतं, रेखाला. ती गेल्यावर एकट्याने जाऊन कसली शपथ घ्यायची?"

"म्हणजे तुला मतच नाही?"

"नाही."

"मग त्या दिवशी खोटं का बोललास?"

रवींद्र चहा गाळत होता. भांडं रिकामं झालं तरी त्याने ते खाली ठेवलं नाही.

"तू निघायच्या बेतात होतास. म्हटलं, आता चिडून अजून तासभर भांडशील. मला इंग्रजीतून नीट भांडता येत नाही रे."

सगळा हिवाळा प्रल्हाद स्वयंपाकघरात एकटाच, मोठमोठ्याने, याच माणसाला उत्तरं देत होता.

"पण माणूस चांगलाच आहे हं तो," रवींद्र कप पुढे सरकवत म्हणाला.

"तुला काडीचं कळत नाही." प्रल्हादने जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं. "परत कधी येतोस?"