तेल्हाऱ्यातला शेवट

सीडीच्या मधल्या भोकात करंगळी बरोबर बसत होती, आणि एसटी खड्ड्यातून गेली की ती चकती बोटावर डुलायची, खिडकीतलं ऊन तिच्यावरून घसरत समोरच्या सीटच्या पाठीवर जायचं, हिरवं, जांभळं, पुन्हा पांढरं... आणि पापडाएवढ्या या वस्तूत अर्धा सिनेमा मावतो हे अब्दुल रहीमला अजूनही पटत नव्हतं. चौदा रिळं होती त्याची. चौदा डबे, आणि ते बैलगाडीतून उतरवताना खांदा भरून यायचा. आता दोन चकत्या. पहिली सदऱ्याच्या खिशात होती, तिची त्याला काळजी नव्हती. पहिलीत कोणी मरत नाही.

गाडी अकोल्याहून साडेआठला सुटली होती, अमरावतीला अकराला पोचणार. म्हणजे ठरवायला अडीच तास, त्यातला एक गेलासुद्धा. अमरावतीच्या आजारी खुशालरावाला सिनेमाचा शेवट दाखवायचा की नाही—सहासष्ट वर्षांच्या माणसानं एवढ्यासाठी रात्रभर कूस बदलावी? बायकोनं, हाजराबीनं तर सकाळी भाकरी बांधता बांधता निकाल देऊन टाकला होता. "बीमार आदमी है. सच-झूट बाद में देखना. दूसरी सीडी इधरीच रख दो." पण ठेवली नाही. ऑपरेटरच्या हातून अर्धा सिनेमा मागे राहत नाही, ही जुनी खोड... की आणखी काही?

सिनेमाचं पोस्टरवरचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तेल्हाऱ्यात सगळे त्याला 'फटफटीवाला पिच्चर' म्हणायचे. शहरातले दोन पोलीस, एक पिकल्या मिशांचा, एक जेमतेम मिसरूड फुटलेला. दोघांकडे दोन फटफट्या, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि मागे लागलेत ते एका चोरट्या मालाच्या टोळीच्या. बस, एवढंच. पण त्या फटफट्या सुरू झाल्या की तंबूचे बांबू हलायचे, आणि पुढच्या ओळीतली पोरं मागे सरकायची.

बत्तीस वर्षं झाली. कापूस घरात यायच्या दिवसांत तेल्हाऱ्याला टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मॅनेजर नत्थुजी तिकिटं फाडायचे आणि रहीम यंत्र चालवायचा. यंत्र एकच. रीळ संपलं की दिवा लागायचा, लोक बिड्या पेटवायचे, पुढचं चढलं की दिवा जायचा. पहिल्याच दिवशी त्यानं डबे उघडून पाहिले, तर आधीच्या गावच्या ऑपरेटरनं तेरावं रीळ उलटंच गुंडाळून पाठवलेलं. सरळ करू नंतर, म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं... आणि बारावं संपल्यावर हात सवयीनं रांगेतल्या पुढच्या डब्यावर गेला. तो चौदावा होता.

चूक कळली ती पडद्यावर गोळी सुटली तेव्हा. चौदाव्यात धाकटा पोलीस मरतो. मोठा उशिरा पोचतो, त्याचं डोकं मांडीवर घेतो, आणि संपतं. आता काय करायचं? दातखीळ बसायची वेळ. 'समाप्त'ची पाटी यायच्या आत त्यानं यंत्र थांबवलं, दिवा लावला, तेरावं सरळ केलं आणि चढवलं. तेराव्यात ते दोघं मोकळ्या रस्त्यानं शेजारी शेजारी फटफट्या चालवतात, टपरीवर चहा पितात, हसतात. मग मोठा पाणी प्यायला थांबतो आणि धाकटा हात हलवत पुढे निघून जातो.  मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "जिता हाये वं माय, जिता हाये!" आणि पडद्यावर चिल्लर उधळली गेली, शिट्ट्या, आरोळ्या. गोळी लागलेल्या माणसाच्या अंगावर ठिपकाही कसा नाही, हे कोणी विचारलं नाही. पोलिसाला कपडे बदलावे लागत नाहीत, वर्दी ती वर्दीच.

खेळ सुटल्यावर नत्थुजी यंत्राजवळ आले. रहीमला वाटलं, आता नोकरी गेली. ते म्हणाले, "रहीमभाई, पोट्ट्याले वाचवलं तुमी. आता रोज असंच वाचवत जा." मग दुसऱ्या दिवशी त्यानं ब्लेडनं 'समाप्त'ची पाटी चौदाव्याच्या शेपटातून कापली आणि तेराव्याच्या शेपटाला जोडली. बावीस दिवस तो पोरगा रोज मेला आणि रोज हात हलवत निघून गेला. प्रिंट पुढच्या गावाला धाडताना पाटी पुन्हा जागच्या जागी. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं कोणाला सांगितलं नाही. हाजराबीलाही नाही—परवा ही सीडी घरी लावली तेव्हा ती पदर तोंडावर धरून म्हणाली, "या अल्ला, ये तो मर गया! तुमारे तेल्हारे में तो जिंदा था!" तिच्या तोंडाकडे पाहताना त्याला हसूही आलं होतं आणि लाजही वाटली होती.

पण खुशालरावाचं काय?

हिवरखेडकडचा तो वीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा बावीस दिवसांत अकरा वेळा आला होता. यंत्राशेजारीच बसायचा. पडद्यापेक्षा फटफटीच्या आवाजाकडे कान लावून. वर्षाच्या आत पोलिसात भरती झाला, पुढे खरोखरच हमरस्त्याच्या गस्तीवर गेला, सरकारी फटफटी मिळाली, जोडीदार मिळाला. किसनराव त्याचं नाव. दोघं अकोल्याला आले की रहीमच्या दारात फटफट्या उभ्या करायचे, आणि मोहल्ल्यातली पोरं आरशात तोंडं पाहायची. किती मिरवलो होतो मी तेव्हा! हा माझ्या सिनेमानं घडवलेला पोलीस, असं चारचौघांत सांगायचो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग सोळा वर्षांपूर्वी, बडनेऱ्याच्या अलीकडे, एक ट्रक न थांबता गेला. किसनराव मागे लागला. खुशालराव टपरीवर चहा पीत होता, अर्धा कप उरला होता, तो संपवून निघाला. पोचला तेव्हा सगळं झालं होतं, किसनराव रस्त्यात मरून पडला होता. किसनरावाच्या तेराव्या दिवसानंतर खुशालराव अकोल्याला आला, दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत. म्हणाला, "तुमच्या पिच्चरमंधी उठून येते ना तो..." आणि तसाच मागे फिरला. तुमच्या. तो एक शब्द रहीमच्या छातीत रुतून बसला. पोलिसात गेलास तो माझ्या खोट्यावर विसंबून गेलास की काय, बाबा? गोळी लागली तरी माणूस चहा प्यायला परत येतो, हे मी शिकवलं का तुला?

नंतर खुशालराव एकटाच फटफटी चालवत राहिला. शेवटच्या वर्षांत तर तिला एकच काम उरलं होतं, विष पिऊन मेलेल्या कोणाच्या तरी वावरात जायचं, औषधाचा डबा जप्त करायचा, पंचनामा लिहायचा. एका हंगामात एकोणीस, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं, सहज, पाऊस किती झाला ते सांगावं तसं. मग अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, नोकरी सुटली. आणि आठ दिवसांपूर्वी त्याच्या बायकोचा, शकुनचा फोन. "भाऊ, हे जेवतच नाहीत धड. तो फटफटीवाला पिच्चर आना म्हनतात, बस." रहीमनं अकोल्यातल्या सीडीच्या साऱ्या हातगाड्या पालथ्या घातल्या. सीडी सापडली तेव्हा काय आनंद झाला होता त्याला, लहान पोरासारखा! घरी येऊन लावली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की यात तो मरतो. यात मोठा पाणी पीत मागे राहतो, आणि धाकटा मरतो. पाणी काय न् चहा काय.

मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक उतरले. रहीमनं सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीच्या जागी लावलेली पिन काढली आणि तिचं टोक सीडीच्या चकचकीत बाजूवर ठेवलं. एक रेघ ओढली की पुरे, तिथं आलं की चित्र अडकेल, माल खराब निघाला म्हणता येईल. पण हात चालेना. आयुष्यभर ज्या हातांनी फिल्मवर ओरखडा पडू नये म्हणून नखं बारीक ठेवली... कापणं वेगळं, जोडणं वेगळं, पण ओरखडा? बाहेर मोसंबीवाला ओरडत होता. रहीमनं पिन पुन्हा लावली, सीडी रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात घातली. एकच मिळाली म्हणून सांगायचं. ठरलं. ठरल्यावर हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

वलगाव रस्त्याकडे दोन खोल्यांचं घर. खुशालराव खाटेवर उशीला टेकून बसला होता. एवढा रुंद माणूस, आता गंजिफ्रॉकातून खांद्याची हाडं दिसत होती. शकुननं खुर्ची पुढे सरकवली. "बसा भाऊ. च्या ठेवतो."

"आनला?" खुशालरावानं विचारलं. शब्द तोंडाच्या एकाच कडेनं येत होते.

"आनला. पन एकच सीडी भेटली. पयली. दुसरी कुठीच नाई भेटली."

खुशालराव त्याच्याकडे पाहत राहिला. पोलिसाची नजर, ती काही लुळी पडली नव्हती. मग तोंडाची डावी कड वर गेली. तो हसत होता.

"म्हंजे मरते ते आनलंच नाही तुमी."

रहीमचा हात बंडीच्या आतल्या खिशावर गेला.

"मले मालूम हाये, रहीमभाई. नागपूरले पाह्यला म्या, ट्रेनिंगमंधी. तिथं मेला तो. वापस नाही आला. म्या सोबतच्यायले म्हटलं, थांबा, अजून एक रीळ हाये... समदे हासले मले."

"मंग मले काहून नाई सांगितलं? इतके साल?"

"तुमी किती खुश होते." खुशालरावानं दम घेतला. "त्याले वाचवलं म्हनून. म्या काहून सांगू?"

रहीम खुर्चीत बसून राहिला. बत्तीस वर्षं मी याला जपतोय असं समजत होतो, आणि हा... माझी मूठ हाच झाकून बसला होता. राग यावा की काय यावं, कळेना. नागपूरला मोठ्यांदा हसणाऱ्यांच्या घोळक्यात उभा असलेला एक वीस-एकवीस वर्षांचा पोरगा त्याला दिसला.

"किसनराव गेला ना," खुशालराव म्हणाला, "तवा मले तुमचावाला पाहाचा होता. तुमच्या दारात आलो सांगाले, पन बोलता नाही आलं. मरते ते मालूम हाये मले. म्या उचललं त्याले. त्याच्या मांगून ते दोघं चाय पेतात, ते पाहाचं हाये. मरते ते आंधी, न् चाय मांगून."

रहीमनं बंडीच्या आत हात घातला. रुमाल सोडताना त्याची मान वर होत नव्हती. शकुननं काही न विचारता सीडी घेतली, यंत्रात घातली, आणि रिमोट त्याच्या हातात दिला. त्यानं बटण दाबत दाबत शेवटाजवळचा भाग गाठला. चित्र पळालं, थांबलं. गोळी. धाकटा फटफटीवरून पडला, आणि फटफटी तशीच पुढे घसरत गेली.

आता रहीमच्या ध्यानात आलं की हे आपण कधी पाहिलंच नव्हतं. तंबूत या वेळेला त्याचे हात तेराव्यात गुंतलेले असायचे, पोरगा पडतोय न पडतोय तोच मनात तो उठून बसलेला असायचा. परवाही तो हाजराबीकडेच पाहत होता. आज हात रिकामे होते. केवढासा पोरगा. ओठाच्या वर नीट लवसुद्धा नाही, आणि मरताना कोणाला तरी शोधल्यासारखे डोळे फिरवतोय, अगदी रस्त्याच्या टोकापर्यंत. याला मी बावीस वेळा मारलं आणि एकदाही याच्यापाशी थांबलो नाही. रहीमचे डोळे भरून आले, आणि त्यानं घाईघाईनं मागे जायच्या बटणावर अंगठा ठेवला. तो रस्ता, ती टपरी, लवकर, लवकर...

खुशालरावाचा डावा हात त्याच्या मनगटावर आला. अजून ताकद होती त्या हातात.

"थांबा," तो म्हणाला. "राहू द्या जरासक."

रहीमनं अंगठा उचलला. पडद्यावर मोठा धावत येत होता, उशिरा, पाण्यानं मिशा ओल्या. स्वयंपाकघराच्या दारात शकुन पदरात हात गुंडाळून उभी होती, आणि आत चहा उकळत होता. जरासं म्हणजे किती, हे रहीमनं विचारलं नाही. मनगटावरचा हातही त्यानं सोडवून घेतला नाही.