पेन्शनर आणि चार बोटांची फट

हेडमास्तर निवृत्त झाले आणि हजेरी घ्यायला वर्गच उरला नाही, तेव्हा बायकोच्या पाच कोंबड्यांवर ती पाळी आली. रोज दिवेलागणीला खुराड्याच्या दारात उभं राहून ते पाच मोजत आणि मगच कडी घालत.

सगळ्यांत म्हातारी कोंबडी वर्षभर अंडं देत नव्हती. सुनेने तिचं नाव ठेवलं पेन्शनर. घरात सगळे हसले, हेडमास्तर सोडून.

मागच्या हिवाळ्यात गारठ्याने पेन्शनरच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं होतं. यंदा खुराड्याला आतून थर्माकोल आणि वर फळ्या लावायच्या का, यावर जेवणाच्या टेबलावर आठवडाभर खल चालला होता. मुलगा व्यवहारी. "चार तरण्या आहेत, त्या काढतील थंडी. त्या एका म्हातारीसाठी एवढा खटाटोप कशाला, बाबा? तिचा आता उपयोग काय?"

हे हेडमास्तरांच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार हजर.

सुताराने भिंती छान बंद केल्या आणि छताखाली चार बोटं फट ठेवली. "ही बुजवू नका बरं का, सर. यांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला पाहिजे. थंडी सोसतात त्या, ओल नाही सोसत."

हेडमास्तरांनी मान डोलावली. पण "खिडक्या बंद करा!" असं ओरडत ज्यांनी चाळीस हिवाळे शाळा चालवली, त्यांना उघडी फट बघवते होय? सुताराची पाठ वळली आणि त्यांनी जुन्या गादीतला कापूस ठासून फट बुजवून टाकली.

चौथ्या संध्याकाळी हजेरीत चारच. पेन्शनर गारठलेल्या अंगणात एका पायावर उभी. उचलून आत ठेवली की लगेच बाहेर.

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?" हेडमास्तर कडाडले. तिने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही.

"तिच्यावर ओरडण्यापेक्षा एकदा आत डोकं घालून बघा ना," बायको दारातून म्हणाली.

त्यांनी घातलं. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला आणि छताचं गार पाणी टकलावर टपटपलं. खोकत बाहेर आले ते थेट कापूस उपसायलाच लागले. खुराड्याच्या तळाचा ओला भुसा काढून कोरडा घातला. जरा वेळाने पेन्शनर आपणहून आत गेली. पाच. हेडमास्तरांना इतकं बरं वाटलं, की कडी घालण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

जेवताना बायकोने सगळा किस्सा रंगवून सांगितला. मुलगा पोट धरून हसला. "म्हणजे एवढं करून अंडं नाही ते नाहीच!"

"अंडं मीही देत नाही," हेडमास्तर म्हणाले. "तरी मागच्या आठवड्यात मला थंडी लागू नये म्हणून माझ्या खोलीच्या खिडकीच्या फटींवर चिकटपट्ट्या लावून दिल्यासच ना?"

मुलाने हातातला घास ताटात ठेवला. मग तो उठला, बाबांच्या खोलीत गेला आणि पट्ट्या सोलून खिडकी चार बोटं उघडून आला.