काकूचा खोटा तारा

अंतराळाच्या एका ऑनलाइन गेममध्ये दुर्मिळ तारे आणि ग्रह कुठे सापडतात, याचे नकाशे काकू करायची. मागेल त्याला छापील नकाशा टपालाने पाठवायची, पाकिटावर स्वतःचा पत्ता घालून. पण मेले काहीजण तोच नकाशा उचलून आपल्या नावावर खपवायचे. त्यांना रंगेहाथ पकडायला तिने यंदा एक तारा चक्क मनाने ठोकून दिला. त्याच्या जागेचा आकडा विसरायला नको, म्हणून घराच्या दाराला जे बटणांचं कुलूप होतं, त्याचाच आकडा घातला आणि स्वतःवरच खूश झाली.

दुपारी ती घरात एकटीच होती. एका अनोळखी खेळाडूचा मेसेज आला.

"काकू, तिथे तारा नाहीच."

"चुकून पडला असेल हो," काकूने थाप मारली.

"चुकून कसला! मीही नकाशे करतो. खोट्या ताऱ्याला माणूस आपल्या रोजच्या वापरातला आकडा देतो. पाकिटावरचा पत्ता बरोबर आहे ना?"

 फोन टाकून ती आतली कडी लावायला धावली. अर्ध्या वाटेवर असतानाच बाहेरून कुलपाचं पहिलं बटण वाजलं.