खिळ्यांसाठी सोडलेली जागा

तौनोने हातमोजा काढला आणि मांडणीवरच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख खुपसून पाहिलं. रबर दबलं आणि नख उचलताच पुन्हा भरून आलं. मागचं मोठं दार उघडं होतं, त्यामुळे दुकानातही शून्याखाली सात-आठ तरी असावं. एवढ्या थंडीत उन्हाळी टायर लाकडासारखा टणक होतो. हा मऊ होता. मग त्याने बोट पुढे सरकवलं आणि रबराच्या ठोकळ्यात पाडलेलं बारीक गोल भोक शोधून काढलं. थोड्या अंतरावर दुसरं. मग तिसरं.

"वासही घेऊन बघ," गल्ल्यामागून लॉर्न म्हणाला. "खरबूज घेतोयस जणू."

लॉर्नच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं तौनोने कधीच सोडलं होतं. दोघं तीस वर्षं एकाच टोळीतून शिकारीला जात होते. बोलायचं ते लॉर्न बोलायचा, ऐकायचं ते तौनो ऐकायचा. यंदा मात्र तौनो गेला नव्हता. समोरच्या माणसाकडे पाहिलं की चेहऱ्याच्या जागी त्याला करडा डाग दिसायचा. दिसायचं ते फक्त कडेकडेचं. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, त्याने डाग वाढायचा थांबला एवढंच. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला कायमची मनाई केली आणि तौनोने पिकअप मुलीच्या नावावर केली. टायर तिच्यासाठीच घ्यायचे होते.

किर्स्ती खिडकीशी उभी होती. तौनोला तिची लाल टोपी नजरेच्या कडेला दिसत होती. ऑपरेशनसाठी ती दक्षिणेतल्या हॅमिल्टनहून दोन आठवड्यांकरता आली होती. आता नोव्हेंबर लागला होता. तिथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेने तिची बिनपगारी रजा दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा देणार नव्हते. परत येतेय की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं, आणि आज मंगळवार होता.

लॉर्नने तीन प्रकारचे टायर दाखवले. एक रुंद होता, दिसायला दणकट. तौनोने तो बाजूला सारला. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. दुसरा पिकअपचा भार न पेलणारा. राहिला तो हाच, नख खुपसून पाहिलेला, बर्फावर पकड धरणाऱ्या लोखंडी खिळ्यांसाठी भोकं सोडलेला.

"मग खिळे मारू ना?" लॉर्नने विचारलं.

चाळीस हिवाळे तौनोच्या गाडीला खिळ्यांचेच टायर होते. गोठून काच झालेल्या रस्त्यावर दुसरं काहीच धरत नाही. पण कायद्याने खिळे इथे उत्तरेत राहणाऱ्यांनाच चालतात. दक्षिणेतल्या पत्त्याच्या गाडीला लावले की पोलीस अडवतात, कारण तिकडच्या बर्फ नसलेल्या रस्त्यांची खिळे चाळण करतात. आणि खिळे मारायचे तर आजच, टायर कोरा असताना. एकदा रस्त्यावर फिरवला की भोकांत खडी जाते आणि मग खिळा धरत नाही.

म्हणजे प्रश्न टायरचा नव्हता. तौनोला ते घरून निघतानाच माहीत होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघं बर्चची लाकडं रचत होते. किर्स्तीने हातातला ओंडका ठेवला आणि म्हणाली होती की गावच्या पाणीपुरवठ्यावर माणूस हवाय म्हणे, डिसेंबरपासून. तौनो म्हणाला होता, "हं." आणि पुढचा ओंडका उचलला होता. त्या दिवसापासून ते "हं" त्याने मनात कितीदा तरी बदलून पाहिलं. कधी त्यात एक वाक्य घातलं, कधी नुसतं "राहा" एवढंच. पण सहा महिने जिने आपल्याला जेवायला वाढलं, औषधाचे थेंब घातले, तिला आणखी काय मागायचं? मागितलं तर ती नाही म्हणणार नाही, हेच त्याला अवघड वाटत होतं.

"नको," तो म्हणाला.

"नको? तू म्हणतोस?"

"साधेच ठेव. गाडी तिकडे जायचीय."

गल्ल्यावर कागद सरकल्याचा आवाज आला.

"किर्स्ती?" लॉर्नने विचारलं.

"बाबा म्हणतोय तसं कर," ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली.

"नक्की ना, तौनो? एकदा गाडी बाहेर पडली की मग माझ्या हातात काही नाही."

"नक्की," तौनो म्हणाला. लॉर्नला खिळे खपवायचेत असं त्याला वाटलं आणि त्याचा थोडा रागही आला. कागदावर पेन जोराने ओढल्याचा आवाज त्याने ऐकला.

टायर चढवायला तासभर लागला. किर्स्तीने रेतीच्या चार पिशव्या गाडीच्या हौद्यात मागच्या चाकांवर नीट आडव्या ठेवल्या. पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, भार नसला की ते बर्फावर शेपटीसारखं हलतं. हे तिला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं. लॉर्नने किल्ली तिच्या हातात दिली आणि शंभर किलोमीटर झाले की नट परत कसायला यायला सांगितलं.

"शंभर किलोमीटरला मी दक्षिणेच्या वाटेवर रोसपोर्टच्या पुढे गेलेली असेन," ती म्हणाली.

"मग तिथे कुणाकडून तरी कसून घे."

तौनोने गाडीचं दार लावून घेतलं. ठरलं तर, असं त्याने मनाशी म्हटलं. आपण बरोबर ओळखलं.

घर चौदा किलोमीटरवर. रस्ता सबंध पांढरा, दाबून सपाट झालेला. सरोवर अजून गोठलं नव्हतं आणि त्याच्यावरून वाफ उठत होती. तौनोला ती दिसत नव्हती, पण किर्स्तीने वेग कमी केला त्यावरून तो समजला. लहानपणापासून ती या ठिकाणी वेग कमी करायची. शेवटच्या चढावर पालिकेने थोडी खडी टाकली होती. ती चाकांच्या कमानीत तडतडली, आणि वळणावर गाडीचं मागचं अंग वीतभर सरकलं. किर्स्तीने स्टिअरिंग सैल सोडून पुन्हा धरलं, गाडी सरळ झाली.

"खिळे असते तर," ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

"हं," तौनो म्हणाला.

घरी आल्यावर तिने फावडं घेतलं आणि सौनाच्या वाफेच्या न्हाणीकडे जाणारी वाट मोकळी करायला गेली. तौनोने कॉफी ठेवली. वेलदोड्याच्या गोड पावाचे दोन तुकडे कापले, एक तिच्यासाठी झाकून ठेवला. मग खिशातून दुकानाचा कागद काढला. गाडीचा प्रत्येक कागद तो कॉफीच्या जुन्या डब्यात ठेवायचा आणि ठेवण्याआधी वाचायचा. आता वाचायला दिव्याचं भिंग लागायचं आणि नजर तिरपी धरावी लागायची. अक्षरं एकेक करून कडेने आत यायची.

टायरचं माप. नग चार. पुढचं अक्षर छापील नव्हतं, लॉर्नचंही नव्हतं. उभं, सुटं, सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ देणारं. शाळेच्या वहीपासून त्याला ओळखीचं होतं. टायर निवडला तो आज, पण मागणीचा फॉर्म तिनेच आधी येऊन भरला होता. पत्ता या घराचा. तारीख सात ऑक्टोबर. लाकडं रचली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

खालच्या ओळीत लिहिलं होतं: खिळे, चारही चाकांना. त्यावरून निळ्या पेनाची जाड रेघ ओढलेली होती.

तौनोने भिंग मागे नेलं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. कॉफी उतू गेली. त्याने शेगडी बंद केली, भिंतीशी गेला आणि मोठ्या बटणांच्या फोनवर बोटाने चाचपत आकडे दाबले.

"लॉर्न, किती चालवल्यावर उशीर होतो?"

"कशाला उशीर?"

"खिळ्यांना."

पलीकडे हवेचा पंप सुरू होता. तो बंद झाला.

"घरापर्यंत किती झाले?"

"चौदा. सगळे बर्फावर. चढावर थोडी खडी होती."

"मी असलं काम करत नाही, तुला माहितेय."

"माहितेय."

"भोकं साफ असतील, एकूण एक, तर उद्या आठला आण. ज्यात खडा सापडेल त्यात मी खिळा मारणार नाही."

"एका टायरला किती?"

"एकशे बारा." लॉर्नने श्वास सोडला. "तिच्याशी बोललास?"

"अजून नाही."

"मग आधी ते कर, ठोंब्या. माझ्या ओठांवर आलं होतं सकाळी. पण तिने मान हलवून गप्प केलं मला."

तौनोने कपाटातून हेल्वीची शिवणाची पेटी काढली. बायको गेल्याला पाच वर्षं झाली होती, पण पेटीतल्या वस्तूंच्या जागा तिने लावल्या तशाच होत्या. क्रोशाची सगळ्यात बारीक सुई बोटांनाच सापडली. ती घेऊन तो अंगणात गेला आणि मागच्या डाव्या चाकाशी बादली पालथी घालून बसला.

इथे डोळ्यांचं कामच नव्हतं. बोटाच्या टोकाने भोक शोधायचं, सुई घालायची, फिरवायची, पुढे जायचं. बऱ्याच भोकांत नुसता बर्फ होता. एकोणिसाव्यात पहिला खडा लागला. तो निघायला वेळ लागला, आणि निघाला तेव्हा तौनोने तो तळहातावर घेऊन पाहिल्यासारखं केलं.

फावड्याचा आवाज थांबला होता. पावलं करकरत जवळ आली.

"बाबा, काय करतोयस?"

"खडे काढतोय."

तो पुढच्या भोकाशी गेला. एवढंच सांगून थांबणं त्याला सगळ्यात सोपं होतं. त्याने सुई चाकातच ठेवली.

"लॉर्न उद्या आठला खिळे मारून देईल म्हणाला. भोकं साफ असली तर." मग थोड्या वेळाने, "तुला हवे असतील तर. मला हवेत."

लाल टोपी नजरेच्या कडेला होती. मग ती तिथून दिसेनाशी झाली. फावडं बर्फात खुपसल्याचा आवाज झाला, गाडीचं दार उघडलं आणि लागलं. तौनो तसाच बसून राहिला. इंजिन सुरू झालं.

खिडकीची काच खाली गेली.

"हात काढ," किर्स्ती म्हणाली.

त्याने सुई काढून घेतली. गाडी हातभर पुढे सरकली आणि थांबली. टायरचा जो भाग खाली दबलेला होता तो फिरून त्याच्यासमोर आला. तौनोने बादली पुढे ओढली आणि बोटाने पुढचं भोक शोधलं.