कोरड्या पाण्याची फरशी

आमच्या हातून आजवर झालेली सगळ्यात सुंदर फरशी वाळून तयार झाली, त्या सकाळी गिऱ्हाइकाच्या घरातल्या आजींनी तिच्यावर पाय ठेवायला नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला पोहता येत नाही."

उत्तर इतकं सरळ होतं की मामानेही सरळच उत्तर दिलं. "आजी, जेमतेम तीन मिलिमीटर आहे."

"म्हणजे बुडण्याइतकं नाही?"

"अजिबात नाही."

"मग आधी तुम्ही जाऊन या."

मामा हॉलच्या त्या टोकाला जाऊन परत आला. आजींनी त्याच्या पावलांकडे नीट पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. "तुम्हाला सवय दिसते," त्या म्हणाल्या आणि खोलीत जाऊन बसल्या.

मी आणि मामा काँक्रीटवर चमकीचं इपॉक्सी ओततो. दोन डबे असतात, एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं रसायन. दोन्ही एकत्र घोटायचे, त्यात धातूसारखी चमकणारी पूड घालायची आणि काळ्या थरावर ओतायचं. पायात खिळ्यांचे बूट घालून त्यातच फिरायचं आणि ते पसरायचं. पुढचं काम पूड स्वतःच्या मर्जीने करते. ती सरकते, वळते, कुठे गोळा होते, कुठे विरते, आणि मग सगळं घट्ट होऊन कायमचं तसंच राहतं. एकदा झालेली नक्षी पुन्हा होत नाही. मामा गिऱ्हाइकाला सांगतो की नक्षी तो ठरवतो. पुडीने अजून तक्रार केलेली नाही.

ही फरशी निळी होती, आत रुपेरी वळणं. ओतून झाल्यावर मामा बूट काढून अंगणात बसला आणि बराच वेळ गप्प राहिला. हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो, म्हणून मी घाबरून पाणी आणून दिलं. "अशी पुन्हा नाही होणार," एवढंच म्हणाला. ती कशी झाली हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यामुळे ती आपणच केली हे तो जरा जास्तच ठासून सांगत होता.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती अगदी आमची घरची चूक आहे. आम्ही नमुना प्लायवूडच्या तुकड्यावर करतो, मागे हुक लावतो आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीवर टांगून येतो. चार दिवस बघा, मग कळवा. भिंतीवर तो चित्रासारखा दिसतो आणि काम मिळतं. तो खाली ठेवून बघावा असं ना कधी गिऱ्हाइकाला सुचलं, ना आम्हाला. रंग आजींनीच निवडला होता. मुलीला म्हणाल्या होत्या, "हे घे गं, आभाळ आहे." भिंतीवर ते आभाळच होतं. आम्ही घरभर आभाळ ओतलं आणि ते आडवं झाल्याबरोबर त्याचं तळं झालं.

आजींना विसरण्याचा आजार होता. मुलगी, जिला आम्ही ताई म्हणायचो, शाळेत गणित शिकवायची. जुन्या टाइल्सच्या कडा उचलल्या गेल्या होत्या, आजी दोनदा अडखळल्या होत्या, म्हणून तिने सांध्याशिवायची फरशी करायला घेतली होती. आजींची खोली हॉलच्या एका बाजूला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला. रोज सकाळी त्या स्वतः उठून हॉल ओलांडायच्या आणि स्वतःचा चहा स्वतः करायच्या.

"आई माझं नाव कधीकधी विसरते," ताई फोनवर म्हणाली, "पण चहाची वाट विसरली नव्हती. चार दिवस झाले, ती खोलीतून बाहेर आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना चकचकीत फरशी पाण्यासारखी वाटते. तुम्ही या आणि काहीतरी करा. ही सवय एकदा सुटली की परत यायची नाही."

"त्यांना सांगा ना, हे इपॉक्सी आहे म्हणून," मामा म्हणाला.

"कुणाला, डॉक्टरांना?"

"दोघांनाही."

आम्ही गेलो. आजी उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाय मागे ओढून घेतलेले, चेहरा प्रसन्न. काठावर बसलेला माणूस असतो तसा. ताईने हॉलमधून सतरंजी अंथरून पाहिली होती. "ती कशाला बांधलेली नाही," आजी म्हणाल्या होत्या, "मध्यावर गेल्यावर फिरली म्हणजे?"

मी मोजे घालून त्यांच्यासमोर हॉल ओलांडला आणि पाय पुढे केला. त्यांनी वाकून तळवा चाचपला.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या.

"पाणी नाहीच आहे, आजी."

त्यांनी माझ्याकडे अतिशय कळवळ्याने पाहिलं, मग ताईकडे वळल्या. "पोर गोड आहे. हिचे डोळे तपासून घ्या."

ताईने आम्हाला बाजूला घेतलं. "फरशीवर वरून काही देता येतं ना? चमक मारणारं?"

"येतं," मी म्हणाले. "वरचा थर घासायचा आणि दुधट राखाडी मॅट कोट मारायचा."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची किडनी काढून टेबलावर ठेवली. "मग खालचं काय दिसणार? धुक्यातून दिसतं तेवढं. ताई, ही फरशी पुन्हा व्हायची नाही. माझ्या बापाच्यानेसुद्धा."

"तुमचे वडील फरशीवाले होते?"

"शिंपी होते. पण मुद्दा तो नाही."

मग त्याने टेप काढली. मला वाटलं घासायचं क्षेत्र मोजतोय. पण तो आजींच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ रेषेत मोजत गेला, भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाला, "पूल बांधू."

"काय?" ताई म्हणाली.

"लाकडी. दोन्ही बाजूंनी कठडा. इकडून दोन पायऱ्या वर, तिकडून दोन खाली. फरशीला कुठे धक्का नाही, आजींचे पाय कोरडे. कठड्याला हवं तर कुंड्या अडकवा."

खुर्चीतून आजी म्हणाल्या, "हे समजूतदार आहेत."

वर्गात एखाद्याने फळ्यावर भलतंच उत्तर लिहिल्यावर बोलत असेल, तशा आवाजात ताई म्हणाली, "मामा, आई आजारी आहे म्हणून तिला तिथे पाणी दिसतं. तुम्हाला का दिसतंय?"

मामाने टेप गुंडाळली. ती पट्कन आत गेली नाही, मधेच अडकली, म्हणून त्याला खाली बघायला निमित्त मिळालं.

तेवढ्यात आजी उठल्या. त्यांची चहाची वेळ झाली होती, ते कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांच्या पायांना ठाऊक होतं. दोन पावलं टाकून त्या उंबऱ्यावर आल्या आणि थांबल्या. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, ओट्यावरचं भांडं इथून दिसत होतं. त्यांनी दाराची चौकट धरली, एक पाय उचलला, अंगठा हळूच पुढे केला, फरशीला टेकायच्या आत मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आज तूच कर गं. मला तशी फार तल्लफ नाहीये."

ताई स्वयंपाकघरात गेली. तिला नळ जरा जोरात सोडावा लागला.

मामा उभाच होता. मी काही बोलणार होते, पण माझ्याकडे असलेले सगळे विनोद त्या क्षणी फार मोठ्या आवाजाचे होते. मग तो म्हणाला, "गाडीतून मशीन काढ. बारीक कागद लाव. खालच्या नक्षीला लागता कामा नये."

"कोटाखाली दिसणारच नाहीये ती, मामा."

"नाही दिसली तरी."

घासायला सुरुवात त्याने आजींच्या उंबऱ्यापासूनच केली. मशीनखालून निळं जाई आणि मागे पांढुरकं, खडूचा फळा पुसल्यासारखं उरे. धूळ ओढणारा पाइप मी धरला होता. थोडा पट्टा झाला असेल, तेवढ्यात मागे काही हललं म्हणून वळले, तर आजी उभ्या होत्या. खोलीत नाही, उंबऱ्याच्या बाहेर. घासलेल्या भागावर, दोन्ही पाय टेकून.

"ओसरलं की," त्या म्हणाल्या.

मामाने मशीन बंद केलं नाही. फक्त वेग कमी केला आणि आजींच्या चालीने पुढे सरकायला लागला. आजींनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं. अशी ती वरात हॉलमधून निघाली. पुढे मशीन, मागे मामा, त्याच्यामागे आजी आणि शेवटी पाइप घेऊन मी. स्वयंपाकघराच्या दारात ताई हातात चहाचं भांडं घेऊन उभी होती. आजींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "सरक, मी करते. तू पाणी फार घालतेस."

चहा सगळ्यांना मिळाला. साखर कुणाला दोनदा, कुणाला नाहीच.

कप देताना त्यांनी मामाला विचारलं, "इथलं पाणी गेलं कुठे हो?"

"ओसरलं, आजी."

"छान होतं पण."

"हो ना," मामा म्हणाला. मशीन तेव्हा बंद होतं, तरी मला नीट ऐकू आलं नाही.

दुपारपर्यंत उरलेला हॉल घासून झाला. पुसून घेतला. आता फक्त मॅट कोट मारायचा होता, आणि त्यासाठी फरशी रिकामी हवी होती. पण आजी फरशीवरून उतरेनात. खोलीतून स्वयंपाकघरात जात, भांडं उचलून बघत, परत येत, पुन्हा जात. चार दिवसांचं येणंजाणं तुंबलं होतं, ते सगळं एकदम करून टाकायचं होतं.

"मी घेऊन बसते तिला आत," ताई म्हणाली. "तुमचा खोळंबा होतोय."

"राहू दे," मामा म्हणाला. "डबे अजून उघडले नाहीयेत. झाकणबंद डब्याला कसली घाई."

आम्ही आजींच्या हातचा दुसरा चहा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मामाच्या भुवयांवर निळसर धूळ बसली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने कप तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं आणि तरीही पूर्ण प्यायला. मग मान वळवून आत बघितलं. मीही बघितलं.

आजी हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. चालता चालता काहीतरी आठवलं म्हणून थांबल्या होत्या, किंवा विसरलं म्हणून. खाली मात्र त्या बघत नव्हत्या.