तिजोरीची दुसरी चावी

तिने पँटचा खिसा उलटा केला तेव्हा चावी फरशीवर पडली. बाबांचे कपडे इस्पितळाने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दिले होते. गाठ सुटेना म्हणून तिने पिशवी दातांनी फाडली होती. चावी उचलून मुठीत घट्ट धरली आणि ती बाहेरच्या खोलीत आली.

बँकेचे मॅनेजर खुर्चीच्या कडेवर टेकले होते. काकू भिंतीशी उभ्या होत्या. बाबा रोखपाल, आणि काकू अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या काउंटरवर. तिजोरीच्या दोन चाव्या. एक मॅनेजरांकडे, दुसरी बाबांकडे. दोन्ही एकाच माणसाच्या हाती द्यायच्या नाहीत, म्हणून मॅनेजरांनी काकूंना सोबत आणलं होतं. बाबांना जाऊन अजून बारा तासही झाले नव्हते.

"अशा वेळी त्रास देतोय, ताई," मॅनेजर म्हणाले. "पण दहाला शाखा उघडते. लोक येऊन थांबतील."

"काल दुपारपासून बाबांच्या छातीत दुखत होतं. पाचपर्यंत का बसवून ठेवलंत त्यांना?"

"मी?" ते खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. "ते मला एक अक्षर बोलले नाहीत. आमची शाखा म्हणजे एक घर आहे, ताई. माझं दार दिवसभर सताड उघडं असतं. कुणीही यावं, बोलावं."

ती काकूंकडे वळली.

"काकू, तुम्ही सांगा."

"आता काय सांगू, बाळा?"

"जे पाहिलंत ते."

काकूंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. "दोनदा गेले ते साहेबांकडे. अडीचला, मग साडेतीनला. दारात उभे राहिले. साहेब टाइप करत होते, मान वर झाली नाही. तुझे बाबा परत येऊन मला म्हणाले, तवा तापलाय, नंतर बघू."

"अहो, मग हाक मारायची!"

"कर्जविभागातल्या मुलीने मारली होती, साहेब, मागच्या महिन्यात. लवकर जायचं होतं तिला. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, ही बँक आहे की धर्मशाळा? तेव्हापासून आम्ही दाराशी येतो, तुमचा चेहरा वाचतो आणि मागे फिरतो."

"गमतीत म्हणालो होतो मी."

"हो ना. आम्ही हसलोसुद्धा."

मॅनेजरांनी रुमालाने मान पुसली. "शिस्तीसाठी थोडं कडक वागावं लागतं. पण माणूस म्हणून मी कसा आहे, ते कुणालाही विचारा..." बोलता बोलता त्यांची नजर मनगटाकडे गेली.

चावीचे दात तिच्या तळहातात रुतले.

"घड्याळाकडे बघू नका."

"नाही, मी आपलं..."

"माझ्या बाबांना आत निजवलंय. त्यांच्या घरात तुम्ही घड्याळ बघायचं नाही. बसा. मी सांगेन तेव्हा उठा."

ते बसले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, बाकावरून उठवून पुन्हा बसवलेल्या पोरासारखे. आतल्या खोलीत आई कुणाला तरी फोनवर पत्ता सांगत होती. तिसऱ्यांदा तोच पत्ता. तो सांगून संपेपर्यंत तिने त्यांना बसवून ठेवलं. मग चावी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पर्समध्ये ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दोघं जिन्यापर्यंत गेली. ती चौकटीला टेकून उभी होती.

"साहेब," काकूंचा आवाज आला, "हिच्या बाबांना दोनला नेणार आहेत. मला यायचंय."

मॅनेजर थांबले. मागे वळून त्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं, मग चौकटीतल्या तिच्याकडे.

"या ना. विचारता काय?"

"पण चावी?"

"मोठ्या शाखेतून बोलावतो कुणाला तरी. तासाभराचा प्रश्न." ते उतरू लागले. "बदली माणूस बोलवायला एक फोनच तर करायचा असतो."

काकू दोन पायऱ्या उतरून थांबल्या. वर बघायचं त्यांनी टाळलं.