साडेतीन इंचांचा ठेंगू

ॲक्सोलॉटल, म्हणजे ते पाण्यात राहणारे पालीसारखे प्राणी, पाळणारे लोक मला फोन करतात. "बाई, मोठा आणि छोटा एकाच टाकीत ठेवला तर चालेल का?" मी त्यांची बिनपाण्यानं करते. अहो, त्या प्राण्याला दिसतं कमी, समोर हलेल तो घास! लांबीत दोन बोटांहून जास्त फरक असेल तर मध्ये जाळी घाला, नाहीतर टाक्या वेगळ्या करा. पुन्हा विचारू नका.

आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं हेच विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "ठेव की. काही होत नाही."

का म्हणाले ते सांगते, आता लपवायचं काय! मी घरी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, मी मेणात एकेक दात बसवते. कामाची खोली एकच, आणि चार महिने तिथं धाकटीची गादी. नवऱ्याचं घर सोडून आली ती "आठच दिवस गं ताई" म्हणून. माझ्या टेबलावर तिची टाकी आली आणि घासायचं मशीन गेलं स्वयंपाकघरात. भाजीत प्लास्टर पडायला लागलं. बोलायची सोय नाही. बोललं की हिच्या डोळ्यांत पाणी तयार.

टाकीत ठेंगू. साडेतीन इंचांचा. पालीएवढा जीव, मानेला पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरं. माझ्याकडच्या मोठ्या मादीनं, महाराणीनं, अंडी घातली होती, त्यातलं एक धाकटी घेऊन गेली होती. धाकटीचं दोनदा पोट पडलं होतं. सासू येता-जाता म्हणायची, "हिच्या हाती काही जगत नाही." ठेंगू जगला. रोज सकाळी उठली की आधी टाकीपाशी. "जगलाय बघ ताई, छान जगलाय!" रोज. माझ्या डोक्यात जायचं.

"मला टेबल लागणार आहे," मी म्हटलं. "ठेंगूला महाराणीच्या टाकीत सोड."

"ती दहा इंचांची आहे गं. जाळी घालू का मध्ये?"

"आई आहे ती त्याची. जाळी कशाला? ठेव की. काही होत नाही."

पाण्यातल्या प्राण्याला कसली आई नि कसलं काय! पण ताई म्हणाली म्हणजे संपलं. तिनं त्याला ओंजळीत धरून सोडलं, दोन मिनिटं बघत बसली आणि इस्त्रीच्या दुकानात कामाला गेली.

अकरा वाजता बघितलं तर ठेंगूचा पुढचा एक पाय नव्हता. मी उठले. जाळी कपाटामागेच होती. मग म्हटलं, पाय काय, महिना-दोन महिन्यांत परत फुटतो. होऊ दे धाकटीची जरा घाबरगुंडी, म्हणजे राहायला दुसरी जागा शोधेल. मी परत बसले आणि एका म्हाताऱ्याचे खालचे दात लावले. दोन वाजता टाकीत एकटी महाराणी होती. पोट टम्म.

चारला धाकटी आली. तिनं दगड उचलले, पाइपमागं बघितलं. "उडी मारून बाहेर पडला असेल का गं?" मी म्हटलं, "असेल." आणि तिच्याबरोबर कपाटाखाली बॅटरी मारून शोधलं मी! अर्धा तास. गुडघ्यांवर.

मग तिचं लक्ष महाराणीच्या पोटाकडं गेलं. ती तिथंच खाली बसली.

"काल हिला गांडुळं कुणी घातली?" मी विचारलं.

"मी. तीन घालायची होती ना... एक ठेंगूला दिलं मी. दोनच घातली."

"मग! उपाशी जनावर, ते काय करणार?"

झूठ. एका गांडुळानं काही होत नसतं. हे मी कुणाही परक्याला सांगितलं असतं.

ती रडली नाही. टाकीकडं बघत म्हणाली, "ताई, महाराणीला काही बाधणार नाही ना? मोठा घास होता."

दुकानातल्या एका बाईकडं तिनं खोली बघितली. रविवारी सामान बांधलं. सुंठीवाचून खोकला गेला, मला बरं वाटलं, खरंच वाटलं. टाकी मात्र तिनं उचलली नाही.

"ही राहू दे तुला," ती दारात म्हणाली. "मला कशाला आता? सासूबाई उगाच नव्हत्या म्हणत. माझ्या हाती नाहीच जगत काही."

तिनं माझ्याकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. तो माझ्या जिभेवर आला होता.

"खाली गाडी थांबलीय," मी म्हणाले. "उशीर करू नकोस."